उजवा कौल

"सिस्टर, तेवढी सरोजला हाक मारा. परत मागं राहिली बगा ती."

मगदूम सरांनी तोंडातली शिट्टी काढून मला सांगितलं आणि परत तोंडात घातली. शाळेत पी.टी. शिकवण्यात सरांची उभी हयात गेली. निवृत्त झाले तरी शिट्टी काही गळ्यातून उतरली नव्हती. सांगलीत आम्ही पहाटे कृष्णेच्या घाटावर फिरायला जायचो, तेव्हाही ते पुढे असायचे आणि आम्हाला शिट्टीवर हाकायचे. आता समोर अख्खा समुद्र पसरलेला, पायाखाली ओली घट्ट वाळू, पोटात गरम घावणे. तरी यांचं आपलं लेफ्ट-राइट चालूच.

"तुम्हीच वाजवा की पिपाणी," मी म्हणाले. "माझ्या हाकेपेक्षा लांब जाईल."

आमच्याबरोबरच्या आवटी वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. सरांनी खरोखरच शिट्टी मारली. लांब किनाऱ्यावर झोपलेलं एक कुत्रं तेवढं उठून बसलं.

मी वळून पाहिलं. सरोज बरीच मागे होती. मधे दोन-तीन माणसं वाळूवर जाळं पसरून फाटलेलं सांधत बसली होती. आम्ही गलका करत त्यांच्यासमोरून गेलो, तेव्हा त्यांनी मान वर केली नव्हती. आता सरोज एकटीच त्यांच्या अंगावरून चालली होती, सावकाश, लग्नघरात नव्याने आलेल्या पाहुण्यासारखी इकडेतिकडे बघत.

"टाच दुखतेय का गं?" मी ओरडले.

तिने हातानेच 'चला तुम्ही' अशी खूण केली.

घाटावरही तिची जागा कायम शेवटचीच. मी तिला चिडवायचे, "तू पोचलीस की आमची उद्याची फेरी सुरू करायची." ती नुसती हसायची. सर म्हणायचे, "राहू दे. मागं कोण तरी राखणदार पायजेच की." तेव्हा मलाही ते पटायचं. आज त्या सहलीला पंधरा वर्षं होऊन गेली.

सरोजच्या घराची कथा आमच्यात सगळ्यांना ठाऊक होती. तिचे यजमान, सदानंद खामकर, पाटबंधारे खात्यात कारकून. एका सकाळी दुधाची किटली घेऊन बाहेर पडले. किटली डेअरीच्या कट्ट्यावर सापडली, दूध भरलेली, झाकण नीट लावलेली. माणूस मात्र परत आला नाही. भांडण नव्हतं, आजार नव्हता. मुलगी केतकी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, नवस झाले. मगदूम सर आणि सदानंद व्हॉलीबॉलचे जोडीदार; सरांनी त्या वर्षी मिरजेच्या स्टेशनापासून पंढरपूर, गाणगापूरपर्यंत भिकाऱ्यांच्या रांगासुद्धा पाहून घेतल्या.

माझी आणि सरोजची ओळख झाली ती शवागाराच्या दारात. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. बेवारस पुरुषाचा देह आला की पोलीस हरवलेल्यांच्या घरी निरोप द्यायचे. पहिल्यांदा ती आली तेव्हा दाराच्या अलीकडेच थांबली. पर्समधून नवऱ्याचा फोटो काढून तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सिस्टर, आधी तुम्ही बघून या. मला एकदम आत नका नेऊ."

मी बघून आले आणि तिला सांगितलं, "ते नव्हते."

तेव्हापासून तो फोटो माझ्याच पर्समध्ये राहिला. असं कुणी आलं की आधी मी पाहायचे. मग कधी फोनवर, कधी तिच्या दारात उभी राहून एवढंच सांगायचे, "ते नव्हते." ती "बरं" म्हणायची आणि चहा टाकायची. बाकीच्या बायकांच्या मैत्र्या साड्या दाखवता दाखवता होतात. आमची अशी झाली.

समुद्रावर आलो त्या वर्षी सदानंद बेपत्ता होऊन बारा वर्षं पुरी झाली होती. माघात केतकीचं लग्न ठरलं होतं. सरोजचा धाकटा दीर शांतपणे, पण रोज, एकच म्हणत होता, "वहिनी, आता दर्भाचा पुतळा करून दादाचे दिवस घालू या. त्याला गती मिळेल, तुम्हालाही सुटल्यासारखं होईल." मुलाकडची माणसं भली होती. पण त्यांच्या आजीने विचारलंच की मुलीच्या आईला मांडवात कुठे उभं करायचं, सवाष्णींत की आणखी कुठे? सरोज कुंकू लावायची, गळ्यात मंगळसूत्र घालायची, पण हळदीकुंकवाला कुणाकडे जायची नाही. काही घरं बोलवायची, काही टाळायची. त्यापेक्षा तिनेच जाणं सोडलं होतं.

मी फटकळ. मी तिला सरळ सांगितलं होतं, "कर आणि मोकळी हो. मी विधवा आहे, मला काय वाघाने खाल्लं?"

ती दिराला सांगून निघाली होती, "समुद्रावरून येते आणि काय ते सांगते."

वेळणी हे गाव तिनेच सुचवलेलं. राजापूरच्या पलीकडे, दोन टेकड्यांच्या बेचक्यातलं, लांबलचक वाळूची पुळण असलेलं. सदानंदांचं ते आजोळ. मामाची मंडळी घर विकून कधीच मुंबईला गेली होती. पहिल्या वर्षी सरोज इथे शोधायला येऊन गेली होती आणि रिकाम्या हातांनी परतली होती. त्यामुळे या वेळी तिने गावाचं नाव काढलं, तेव्हा आमच्यात कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच आलं. अजून शोधतेय बिचारी.

दुपारी जेवणं झाली. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरच्या मागील दारी माडांखाली आम्ही पसरलो. सर घोरायच्या बेतात होते. आवटी वहिनी पान लावता लावता म्हणाल्या, "इथली जाखाई लई कडक हाय म्हणत्यात. कौल देती. ह्या घरच्या बाईंनी सांगितलं मला. सरोज, विचारून बघूया का गं?"

"वहिनी, झोपा," मी म्हणाले.

पण सर ताडकन उठून बसले. "कौल म्हंजे?"

वहिनींनी सांगितलं. देवीच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या आणि मनातलं विचारायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"अवो, मग जाऊया की!" सरांचा आवाज चढला. "पोलिसांना विचारलं, ज्योतिषाला विचारलं, हिला एवढं विचारायचं ऱ्हायलंय."

आम्ही जैन. कौल-बिल आमच्यात नाही, आणि दवाखान्यात जन्म काढल्यावर माझा तर कशावरच फारसा भरवसा उरलेला नाही. मी सरोजकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती नको म्हणेल. ती साडीला चिकटलेलं कुसळ काढत होती.

"चालेल," ती म्हणाली. "संध्याकाळी जाऊ."

देऊळ समुद्राकडे तोंड करून होतं, कौलारू, आत थंडगार. जाखाईची मूर्ती काळ्या दगडाची, बसकी, डोळे तेवढे चांदीचे. गुरव वयस्क होते. त्यांनी ताम्हणात पाणी घेतलं, पाकळ्या बुडवल्या आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर हलक्या बोटांनी चिकटवल्या.

"काय इचारायचा हाय?" त्यांनी आमच्याकडे वळून विचारलं.

सर पुढे सरसावले. "सदानंद खामकर नावाचा आमचा माणूस, ह्या गावचा भाचा..."

"तुमी नको," गुरव म्हणाले. "ज्याचा गाऱ्हाणा त्यानं घालायचा."

सरोज पुढे झाली. तिने पदर खांद्यावरून घेतला आणि हळूच विचारलं, "मोठ्याने सांगायला लागतं?"

"तुमच्या मनात. मोठ्यानं बोलायचा नसंल तर नको. तिला आयकू येतां."

सरोजने हात जोडले. डोळे मिटले नाहीत. ती देवीकडे बघत राहिली, समोरासमोर बसून एखाद्या वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तशी. तिचे ओठसुद्धा हलत नव्हते.

पाकळीला पडायला किती वेळ लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं. बाहेर लाटेचा आवाज येत होता. सरांनी शिट्टी मुठीत गच्च धरली होती. वहिनी काहीतरी पुटपुटत होत्या. मी मनात म्हणत होते, डावी पड बाई. डावी पड आणि हिला सोड.

उजव्या खांद्यावरची पाकळी सरकली, जरा अडली आणि खाली पडली.

"दिलान!" गुरव म्हणाले. "उजवा दिलान. होय म्हणतां."

पुढे काही क्षण नुसता गोंधळ. वहिनींनी सरोजला मिठी मारली. मग देवीच्या पायाचं कुंकू घेऊन तिच्या कपाळावर ठसठशीत ओढलं आणि स्वतःच्या पिशवीतला खण काढून तिथेच तिची ओटी भरली. सर भिंतीकडे तोंड करून रडत होते. एवढा धिप्पाड माणूस, खांदे गदगदा हलत होते. "जित्ता हाय गडी," ते परत परत म्हणत होते. "मी म्हणतच हुतो. जित्ता हाय."

सरोज सगळ्यांच्या पाया पडली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

मला त्या देवीचा असा संताप आला की काय सांगू. मरणाऱ्या पेशंटच्या बायकोला 'होतील बरे' असं सांगून निघून जाणारे डॉक्टर मी पाहिले होते. त्यांचा यायचा तसाच राग आला. आता ही आणखी बारा वर्षं दारात उभी राहणार. केतकीच्या मांडवात कुठे उभं राहावं ते न कळून स्वयंपाकघरात बसणार. आणि मी मेल्यावर शवागारातली तोंडं हिच्यासाठी कोण बघणार?

सगळे देवळाच्या पायऱ्यांवर प्रसादाचा नारळ फोडत बसले. मी सरोजला हाताला धरून पुळणीवर नेलं. सूर्य बुडायला आला होता.

"आता दिराला काय सांगणार आहेस?" मी विचारलं. आवाज मलाच कडक वाटला.

"दिवस घाला, असं सांगणार."

मी थांबले. "काय?"

"दिवस घाला म्हणणार. केतकीच्या लग्नाआधी."

"अगं पण देवीने तर आत्ता..."

"मंदा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने मला कधी नावाने हाक मारली नव्हती. सगळ्यांसारखी तीही सिस्टरच म्हणायची. "ते जिवंत आहेत का, असं मी विचारलंच नाही."

लाट आली, आमचे पाय भिजवून गेली. 

"तुझ्या गावच्या भाच्याची वाट बघून मी दमले, एवढंच म्हटलं तिला. आता सोडू का, असं विचारलं. ती होय म्हणाली."

"त्यासाठी देवी कशाला लागत होती?" मी म्हणाले. रागानेच म्हणाले. "मी इतकी वर्षं तेच सांगत होते ना? दीर सांगतोय, केतकी सांगतेय."

"तुम्ही सगळी माझ्या बाजूची. मला सुटलेली बघायची म्हणून सांगता." ती पाण्याकडे बघत बोलत होती. "मला त्यांच्या बाजूचं कुणीतरी हवं होतं. सासूबाई गेल्या, मामा गेले. आता त्यांच्या लहानपणचं कोण उरलंय? ते सुट्टीला इथे यायचे. देवळाच्या पायरीवर खेळायचे, म्हणून सांगायचे. हिने त्यांना चड्डीत बघितलंय. म्हटलं, हिला विचारावं. ही म्हणाली सोड, तर ते त्यांच्याकडून आलं असं धरायचं."

"आणि डावी पडली असती तर?"

"तर बघितली असती वाट. दुसरं काय?"

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. देवळात मी 'डावी पड' म्हणत होते. मला ते आठवलं आणि मी वाळूत बसले. तीही बसली. ओटीचे तांदूळ तिच्या पदरात होते. ते सांडू नयेत म्हणून तिने पदराची गाठ मारली.

"सर रडले गं," ती म्हणाली. "वहिनींनी खण दिला. त्यांना वाटलं, ते जिवंत आहेत का हेच मी विचारलं. आज काही सांगू नकोस. आजच्या दिवस त्यांना सुखाने झोपू दे. घरी गेल्यावर माझं मी सांगेन."

मी मान हलवली.

मग ती आपणहून बोलली. "तू मला चिडवतेस ना, मागे राहते म्हणून? टाच-बिच काही दुखत नाही माझी."

"मग?"

"घोळका येताना दिसला की माणूस मान खाली घालतो. ज्याला ओळख द्यायची नसेल, तो तर नक्कीच घालतो. घोळका पुढे गेला की वर बघतो." तिने पदराची गाठ पुन्हा आवळली. "तेव्हा मी तिथे असायला हवी."

घाटावरच्या सगळ्या पहाटा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. दूधवाले, पेपरवाले, अंघोळीला निघालेले म्हातारे. आम्ही हसत-खिदळत पुढे, आणि ही मागून एकेक तोंड वाचत येणारी. मला रडू आलं. दवाखान्यात मी कधी रडले नव्हते. ती माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली, जणू माझंच कुणी गेलं होतं.

"तो फोटो आहे ना तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"आहे."

"दे मला. तेवढा चांगला दुसरा नाही घरात. हार घालायला लागेल."

मी पर्समधून फोटो काढला. कडा मऊ पडल्या होत्या. किंचित तिरपी मान, दाट भुवया, डाव्या कानाची पाळी जरा फाटलेली, हसू दाबून धरलेलं. तिने तो पदराने पुसला आणि गाठ सोडून ओटीतल्या तांदळांत ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते. घरी गेल्यावर तिने सरांना खरं सांगितलं. सर रुसले. दिवसांना आले नाहीत. बरेच दिवस घाटावरही शिट्टी ऐकू आली नाही. माघात मात्र कन्यादानाला तेच आणि त्यांच्या मंडळी बसल्या. सरोज पांढऱ्या काठाची जांभळी साडी नेसून मांडवात सगळ्यांच्या पुढे उभी होती आणि मुलाकडच्या आजीने तिला हाताला धरून आपल्या शेजारी घेतलं होतं. सर आणि ती नंतर पुष्कळ बोलले, हसले. सदानंदांचं नाव मात्र सरांनी तिच्यासमोर पुन्हा कधी काढलं नाही. आता सर नाहीत. सरोज केतकीकडे नाशिकला असते.

पण मला सांगायची आहे ती कौलाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

चहा घेऊन आम्ही पुळणीवर उतरलो. सर खुशीत होते. त्यांनी शिट्टी तोंडात घातली, तेवढ्यात सरोज म्हणाली, "सर, आज मी पुढे चालू?"

"चाल की! आज तुझाच मान." सर बाजूला झाले आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले, "बघा सिस्टर, आनंदानं पायाला कसं बळ येतंय."

ती निघाली. मी तिला तशी चालताना कधी पाहिली नव्हती. पदर खोचलेला, नजर थेट समोर टेकडीकडे, पावलं मोठी. सरांना आणि वहिनींना तिला गाठताना धाप लागत होती. ती एकदाही मागे बघेना, आजूबाजूलाही बघेना. जाळं सांधणारी माणसं आजही बसली होती. तिच्या लेखी ती नव्हतीच.

मी मागे राहिले. माझे गुडघे खरोखरच दुखत होते.

समोरून एक माणूस डोक्यावर टोपली घेऊन येत होता. उतारवयाचा, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आमची मंडळी जवळ येताच त्याने मान खाली घातली आणि पाण्याच्या कडेने वाट काढली. सरोज त्याच्या शेजारून तडक पुढे गेली. सर गेले, वहिनी गेल्या. त्यांचा गलका लांब गेला, आणि मग त्याने टोपली सावरत मान वर केली.

मी थांबले. पर्समध्ये आता फोटो नव्हता. भुवया पाहिल्या, डावा कान पाहिला.

ते नव्हते.